पहिली सुपारी

(कराड येथे झालेल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मला बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करायचे, तेही साधारण वीस मिनिटंच. हिशोब आज पुरा होतोय.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या वर्गातल्या नऊ जणांनी गेल्या वर्षापासून दर शनिवारी एकत्र येऊन जुनी हिंदी-मराठी गाणी बसवायला सुरुवात केली आहे. आधी कॅराओके होतं. मग एकानं कीबोर्ड घेतला, एकीनं माळ्यावरची पेटी उतरवली, आणि आता त्यांना स्वतःला वाद्यवृंद म्हणवून घ्यायचंय. परवा त्यांनी मला विचारलं, "तू पंधरा-सोळा वर्षं ऑर्केस्ट्रा चालवलास. आम्हाला पहिला कार्यक्रम कसा मिळेल ते सांग." मी म्हटलं, मेळाव्यातच सांगतो. कारण ही गोष्ट सांगायची तर त्यात आपल्यापैकी आणखी एक जण येतो, आणि त्याच्यासमोर सांगितलेली बरी. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे.

धंद्यातल्या भाषेत कार्यक्रम मिळण्याला 'सुपारी मिळाली' म्हणतात. पेपरात सुपारी वेगळ्या अर्थानं छापून येते, त्यामुळे माझ्या आईनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती घाबरली होती. तमाशाच्या फडाला, नाटकाला, ऑर्केस्ट्राला सुपारी मिळते, आणि तारीख पक्की करायला जे आगाऊ पैसे देतात तो इसार. हे दोन शब्द लक्षात ठेवा. दुसरा जास्त.

आम्ही १९८७ साली सुरुवात केली. सात जण. पेटी, अकॉर्डियन, ढोलकी, बोंगो, दोन गाणारे आणि एक गाणारी. कॅसिओ नंतर आला. आम्हाला वाटत होतं, चांगलं वाजवलं की लोक शोधत येतील. चार महिने कुणीही आलं नाही. लोकांना आम्ही आहोत हेच माहीत नव्हतं, तर ते शोधणार कुणाला?

म्हणून पहिली गोष्ट. सुपारी मागायला जाण्याआधी तुमच्याकडे विकायला काय आहे ते मोजा. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे १८० मिनिटं. मध्यंतर १५ मिनिटांचं. राहिली १६५. एक गाणं, त्याआधीचं निवेदन आणि नंतरच्या टाळ्या धरून सहा मिनिटं जातात. म्हणजे २७ गाणी. त्यावर फर्माइशींसाठी आठ-दहा गाणी हाताशी हवीत. तुमची सध्या चौदा बसली आहेत असं कळलं. मग तीन तासांचा कार्यक्रम घेऊ नका. सव्वा तासाचा घ्या आणि तसं आधी सांगा. सव्वा तास रंगलेला कार्यक्रम लोक लक्षात ठेवतात. तीन तासांत दोनदा तेच गाणं आलं तर तेही लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट, सुरुवात कुठे करायची. नव्या ऑर्केस्ट्राला मोठं नाट्यगृह नको. तिकीट लावून नाट्यगृह भरायला नाव लागतं. तुम्हाला जागा अशी हवी, जिथे माणसं आधीच जमलेली आहेत आणि त्यांना दोन तास छान घालवायचे आहेत. आपल्या गावातच मोजा. गणेशोत्सवाची मंडळं, कोजागरी, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयाचा वर्धापनदिन, पतसंस्थेच्या सभेनंतरचा कार्यक्रम, कुणाचा सेवानिवृत्तीचा सत्कार, साठी, लग्नाच्या आदल्या दिवसाचं संगीत. आमच्या वेळी लग्नात संगीत नव्हतं, आता खेड्यातसुद्धा असतं. यातलं प्रत्येक ठिकाण तुमच्या नऊ जणांपैकी कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं आहे. नऊ जणांनी बसून प्रत्येकी दहा नावं लिहा. सारखी आलेली नावं गाळून पन्नास तरी उरतील. पहिली सुपारी त्या पन्नासांत आहे.

पण तारखेचं भान ठेवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षाला भेटून काही होत नाही. मंडळांची बैठक आषाढ-श्रावणात होते, वर्गणी आणि कार्यक्रम तेव्हाच ठरतात. यात्रांचं गणित पाडव्याच्या आसपास सुटतं. तमाशाच्या फडांना हे आपल्यापेक्षा फार आधी कळलंय. पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जातात, राहुट्या फिरतात, भाव करतात आणि सुपारी देऊन येतात. फडवाले गावोगाव हिंडत बसत नाहीत. गिऱ्हाईक ज्या वेळी ज्या ठिकाणी येणार, त्या वेळी त्या ठिकाणी ते हजर असतात. आपल्याला नारायणगाव नाही, पण युक्ती तीच.

मग आपलं नारायणगाव कुठे? माझं उत्तर ऐकून तुम्ही हसाल. मंडपवाल्याच्या गोडाऊनवर. मंडपवाला, स्पीकरवाला, लायटिंगवाला, आचारी, फोटोग्राफर आणि मंगल कार्यालयाचा मॅनेजर, ही माणसं कुठल्या तारखेला कुणाच्या घरी काय आहे हे तीन-तीन महिने आधी जाणून असतात. यजमान त्यांनाच विचारतो, "गाण्याबिण्याचं कुणी आहे का ओळखीचं?" त्या वेळी त्यांच्या तोंडी तुमचं नाव यायला हवं. त्यासाठी त्यांना कमिशन द्यावं लागतं असं नाही. त्यांच्या माइकची वायर नीट गुंडाळून परत दिली, खुर्च्या मोडल्या नाहीत आणि वेळेवर आलात, एवढं त्यांना पुरतं. अध्यक्षाला एकदा कार्यक्रम करायचा असतो, स्पीकरवाल्याला वर्षाला शंभर.

आमचंही तसंच झालं. १९८७ च्या गणपतीत सोमवार पेठेतल्या आमच्याच मंडळात आम्ही फुकट वाजवलं. नंतर कोजागरीला एका वाड्यात, तेही फुकट. दोन्ही वेळा स्पीकरवाले एकच होते. दोन्ही वेळा आम्ही सामान उचलायला त्यांना मदत केली, कारण आमच्यापैकी एकाला त्यांचा ॲम्प्लिफायर आतून बघायचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते लुनावरून माझ्या घरी आले. उंब्रजच्या पुढच्या एका गावात यात्रा होती, ठरलेला ऑर्केस्ट्रा ऐनवेळी येऊ शकत नव्हता, परवा रात्री कार्यक्रम. जाणार का?

म्हणजे आमची पहिली सुपारी ही दुसऱ्याची सुटलेली सुपारी होती. त्यात कमीपणा मानू नका. बीटल्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६० च्या ऑगस्टमध्ये त्यांना जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका क्लबात वाजवायला नेलं. ते तेव्हा मुख्यतः दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. नेणाऱ्या माणसाच्या मनात आधी लिव्हरपूलचाच दुसरा बँड होता, रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स. पण त्या बँडचं उन्हाळ्यातल्या एका हॉलिडे कॅम्पमधलं काम आधीच ठरलेलं होतं. म्हणून या पोरांना संधी मिळाली. रोज रात्री तासन्‌तास वाजवून ती परत आली तेव्हा त्यांचा हात तयार झाला होता. तेव्हा गावातल्या इतर वाद्यवृंदांशी स्पर्धा करू नका, ओळख करा. त्यांच्या कार्यक्रमाला जा. त्यांचा तबलेवाला आजारी पडला तर आपला द्या. त्यांना एकाच तारखेला दोन सुपाऱ्या आल्या तर दुसरी कुणाकडे जाईल? ज्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडे.

आता फुकटचा प्रश्न. सुरुवातीला फुकट वाजवायचं का? वाजवा, पण दोनदाच, आणि अशा ठिकाणी जिथे सगळेच फुकट राबताहेत. माझा एक नियम आहे. ज्या कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे मिळतात, तिथे वाजवणाऱ्यालाही मिळाले पाहिजेत, थोडे का होईना. आयोजक म्हणतो, "तुमची जाहिरात होईल." आचाऱ्याला तो असं म्हणत नाही.

दाखवायला काय न्यायचं? आम्ही कॅसेट करून न्यायचो. साठ मिनिटांची कॅसेट भरून रेकॉर्ड करायचो आणि ऐकणारा दीड मिनिटात बंद करायचा. हे कळायला मला दोन वर्षं लागली. आता तुमच्या हातात फोन आहे. तीन गाण्यांचे तुकडे मिळून तीन मिनिटांचा व्हिडिओ करा. सुरुवातीलाच गाणं येऊ द्या, निवेदन नको. आणि एकदा तरी समोर बसलेली माणसं दिसू द्यात. आयोजकाला तुमचा सूर कळेलच असं नाही, पण समोरची माणसं मान डोलावताहेत हे त्याला कळतं. आवाजात गडबड करू नका. घरी मशीनवर गोड करून घेतलेला आवाज स्टेजवर उघडा पडतो.

थोडं कायद्याचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं. बाकी दिवशी दहा म्हणजे दहा. तेव्हा आठला सुरू होणारा तीन तासांचा कार्यक्रम स्वीकारूच नका. शेवटची तुमची सगळ्यात चांगली गाणी राहतील आणि हवालदार येऊन उभा राहील. दुसरं, गाणी आपली नाहीत, त्यांना मालक आहेत. लग्नाशी जोडलेल्या समारंभात वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. हौशी मंडळींनी पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेल्या कार्यक्रमालाही आहे. पण तिकीट लावलं, हॉटेलात वाजवलं, तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो. तो कोण काढणार, आयोजक की तुम्ही, हे आधीच विचारा.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो.

त्या यात्रेचा कार्यक्रम दीड हजाराला ठरला. दोन दिवसांवर आलेला, घाईत. इसार तीनशे मिळाला. बाकीचे बाराशे कार्यक्रम संपल्यावर. काहीही लिहून घेतलं नाही. मी वीसेक वर्षांचा आणि समोर धोतर-फेट्यातली वडीलधारी माणसं, त्यांच्याकडून कागद कसा मागायचा? कार्यक्रम झाला. मध्ये दोनदा लाइट गेली. तरी लोक बसून राहिले, आमच्या ढोलकीवाल्यानं अंधारात पाऊण तास एकट्यानं लोकांना बसवून ठेवलं. तिथे जे काही नाव झालं ते त्याचं. संपल्यावर कमिटीनं माझ्या हातावर सहाशे ठेवले. म्हणाले, लाइट गेली, वेळ कमी भरला, उरलेले नंतर बघू. उरलेले सहाशे कधीच आले नाहीत.

हिशोब असा. हातात एकूण नऊशे. स्पीकरचे अडीचशे आणि जीपचे दोनशे गेले. राहिले साडेचारशे. सात जणांना प्रत्येकी पन्नास दिले. उरलेले शंभर पुढच्या वेळच्या माइकच्या भाड्याला ठेवले. यात लबाडी नव्हती. पण मी कुणाला काही सांगितलं नाही. जीपमध्ये फक्त म्हणालो, "बाकीचे पाठवणार आहेत." सहाशे बुडाले, तेही माझ्या भिडेमुळे, हे सांगायची मला लाज वाटली. ढोलकीवाला कारखान्यातली रात्रपाळी बुडवून आला होता. त्याची त्या दिवसाची हजेरी गेली. पन्नासात ती भरून निघत नव्हती. त्यानं दोन महिने वाट पाहिली, मग विचारलं. मी टाळलं. पुन्हा विचारलं, पुन्हा टाळलं. मग त्याला कुणीतरी सांगितलं की कमिटीनं सगळे पैसे दिले होते.

त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. येणं बंद केलं. पहिलीपासून एका बाकावर बसलेला माणूस अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. ऑर्केस्ट्रा चालू राहिला, सुपाऱ्या येत राहिल्या, मी दुसरा ढोलकीवाला घेतला, तिसरा घेतला. गल्लीत समोरून तो आला की मी पानाच्या टपरीकडे वळायचो. मी पान खात नाही.

१९९९ मध्ये आपल्या संगीताच्या बाई निवृत्त झाल्या. आज त्या इथे पहिल्या रांगेत आहेत. बाईंनी निरोप समारंभासाठी एकच मागणी केली, की तुम्ही दोघं वाजवा. बाईंना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही. आम्ही वाजवलं. एकमेकांकडे न बघता वाजवलं. नंतर शाळेच्या पायऱ्यांवर मी त्याला सगळा हिशोब सांगितला, आता तुम्हाला सांगितला तसा. म्हटलं, "लिहिलेलं काही नाही. माझा शब्द आहे फक्त." तो थोडा वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, "शब्दच हवा होता. तेव्हा द्यायचा होतास."

तेव्हा नऊ जणांनो, पहिली सुपारी मिळवणं फार अवघड नाही. ती मिळाल्यावर एकत्र राहणं अवघड आहे. म्हणून या चार गोष्टी पहिल्या सुपारीच्या आधी करा. एक, सुपारी घेताना तारीख, वेळ, किती मिनिटं, स्टेज, लाइट आणि जनरेटर कुणाचा, जेवण, गाडी आणि पैसे हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. आता कागदही नको, फोनवर मेसेज पाठवा आणि समोरून 'ठीक आहे' येऊ द्या. भीड वाटली तर माझं नाव सांगा, म्हणा, आमच्या म्हाताऱ्याचा नियम आहे. दोन, अर्धा इसार आधी घ्या आणि उरलेले पैसे मध्यंतरात. शेवटचं गाणं झाल्यावर कमिटीतलं कुणीच सापडत नाही. तीन, नऊ जणांत पैसे कसे वाटायचे हे पैसे हातात येण्याआधी ठरवा. कीबोर्डवाला म्हणेल माझं यंत्र महाग आहे, गाणारी म्हणेल लोक मला बघायला येतात, आणि दोघंही बरोबर असतील. चार, प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच रात्री सगळ्यांना हिशोब दाखवा. फायदा असला तरी, आणि बुडाले असतील तर आधी.

आणि दुसरी सुपारी कुठून येते? पहिल्या कार्यक्रमाच्या श्रोत्यांतून. तिथे कुणीतरी असा बसलेला असतो ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात काही आहे. तो तुमच्या गाण्याइतकंच हेही बघतो, की तुम्ही वेळेवर आलात का, माइकवर 'हॅलो, हॅलो' करत अर्धा तास घालवला का, आजोबांनी फर्माइश केली तेव्हा कपाळाला आठी घातली का. निघताना निवेदकानं वाद्यवृंदाचं नाव आणि फोन नंबर एकदा सावकाश सांगायचा. एकदाच. तीनदा सांगितला की कार्यक्रम कमी आणि जाहिरात जास्त वाटते.

शेवटी कामाचं बोलतो. आमच्या पेठेतल्या मंडळाची बैठक परवा झाली. गणपतीचा तिसरा दिवस रिकामा आहे. संध्याकाळी साडेसातला सुरू करायचं आणि पावणेनऊला थांबायचं, सव्वा तास, म्हणजे तुमची चौदा गाणी निवेदन कमी केलं तर नेमकी बसतील. मंडपवाल्याला पैसे मिळणार आहेत, म्हणून तुम्हालाही मिळतील. थोडेच आहेत. अर्धा इसार माझ्या खिशात आहे, आणि हा कागद. वर तारीख, वेळ, जनरेटर कुणाचा, सगळं लिहिलंय. मंडळातर्फे मी सही केली आहे. तुमच्यातर्फे कुणी करायची ते तुम्ही ठरवा.

एकच अट आहे. तुमच्याकडे ढोलकीला कुणी नाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला मी विचारून ठेवलंय. तो म्हणाला, "येतो, पण हिशोबाची वही माझ्याकडे राहील."

बाई, तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. बाकीच्यांनी आपापल्या आणाव्यात.